सांगलीच्या परसात टॅमरिलो: फुलं गळतात ती खतावाचून नव्हे

सांगलीच्या विश्रामबागेतून एका ताईंनी विचारलं आहे: "दीड वर्षापूर्वी उटीहून टॅमरिलोची, म्हणजे ट्री टोमॅटोची फळं आणली होती. त्यांचं बी पेरलं, त्यातलं एक रोप घरामागच्या काळ्या मातीत, पश्चिमेच्या भिंतीलगत लावलं. आता ते सात फूट झालंय, पानं हत्तीच्या कानाएवढी. मार्चपासून फुलांचे घोस येतात, पण एकही फळ धरत नाही, सगळी फुलं गळतात. दुपारी पानं माना टाकतात म्हणून दोन वेळ पाणी घालते. शेजारचे द्राक्ष बागायतदार म्हणतात जीए (जिबरेलिक ॲसिड, वाढीचं संप्रेरक) मारा, दुकानदार टॉनिक देतोय. नक्की कुठलं खत घालू?"

ताई, खताची पिशवी आधी बाजूला ठेवा. सात फूट उंची आणि हत्तीच्या कानाएवढी पानं असलेलं झाड उपाशी नसतं. तुमच्या झाडाला दोन वेगळे त्रास आहेत आणि दोन्हींचा खताशी संबंध नाही. फुलं गळतात ती रात्रीच्या उकाड्यानं. पानं माना टाकतात त्याचं कारण वेगळं आहे, आणि त्यावर तुम्ही जो उपाय करताय, म्हणजे दोन वेळ पाणी, त्याची मला फुलांपेक्षा जास्त काळजी वाटते. फुलं पुढच्या हंगामात परत येतील. मूळ सडलं तर झाड परत येत नाही.

मी वाईत बावीस वर्षं रोपवाटिका चालवते. पसरणी घाट चढून गेलं की पाचगणीच्या पलीकडे आमचं थोडं रान आहे, तिथं टॅमरिलोची झाडं आहेत. एक झाड वाईत घराजवळ आहे आणि एक मिरजेत धाकट्या बहिणीच्या परसात. ही सगळी एकाच झाडाच्या बियांपासूनची. पाचगणी समुद्रसपाटीपासून सुमारे १३०० मीटर, वाई ७०० च्या आसपास आणि मिरज-सांगली ५५० च्या आसपास. त्यामुळे एकच बी तीन उंचींवर कसं वागतं हे मला दर वर्षी समोरासमोर बघायला मिळतं. पाचगणीचं झाड फळांनी वाकतं, वाईचं बरं देतं, मिरजेचं झाड मात्र मन लावून सांभाळलं तरच देतं. तुम्ही मिरजेच्या गटात आहात, म्हणून पुढचं बरंचसं बहिणीच्या परसातल्या अनुभवावरून सांगते.

हे झाड मुळात दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वतातलं. आपल्याकडेही ते जिथं जिथं रुळलं, ती ठिकाणं बघा: निलगिरी, कोडाईकनाल, दार्जिलिंग, सिक्कीम, नागालँड, मेघालय. सगळे गार डोंगर. निलगिरीत त्याला मरत्तक्काळी म्हणतात, म्हणजे झाडावरचा टोमॅटो. टॅमरिलो हे नाव तर १९६७ साली न्यूझीलंडमध्ये बाजारासाठी तयार केलेलं आहे, त्याआधी तिथंही ते ट्री टोमॅटोच होतं. हे सांगायचं कारण असं की मोबाईलवर शोधलं की बहुतेक माहिती न्यूझीलंडची सापडते. तिथल्या बागायतदाराला धाक असतो दंवाचा. म्हणून तो सांगतो की उबदार भिंतीच्या कडेला लावा, भरपूर ऊन द्या. तिथं ते बरोबरच आहे. सांगलीत तोच सल्ला पाळला की झाड भट्टीजवळ नेऊन ठेवल्यासारखं होतं. तुम्ही पश्चिमेची भिंत बहुधा असंच काहीतरी वाचून निवडली असणार.

आज रात्री नऊ वाजता त्या भिंतीला तळहात लावून बघा. मे महिन्यात दुपारभर ऊन खाल्लेली भिंत रात्री दहापर्यंत ऊब सोडत असते. सांगलीची हवा या दिवसांत रात्रीसुद्धा सहसा बावीस-तेवीस अंशांच्या खाली उतरत नाही, त्यात भिंतीची भर. टॅमरिलो हा टोमॅटो-वांग्याचाच भाऊबंद. उन्हाळी टोमॅटो घेणारा कुणीही शेतकरी तुम्हाला सांगेल की रात्री गार झाल्या नाहीत तर फूल दिसतं, पण धरत नाही. हे झाड तर टोमॅटोपेक्षाही गारव्याचं भुकेलं. दर हजार मीटर चढलं की हवा साधारण सहा अंशांनी थंड होते. सांगली आणि पाचगणीत साडेसातशे मीटरचा फरक धरला तरी साडेचार अंश झाले. उन्हाळ्यात मिरजेच्या झाडावर फुलं नुसती झडतात आणि वर पाचगणीला घोसाला आठ-दहा फळं लटकतात, त्यात या साडेचार अंशांचा मोठा वाटा आहे.

माझं म्हणणं पडताळून बघायचं असेल तर सकाळी झाडाखाली पडलेली दहा-वीस फुलं उचला. पाकळ्या बाजूला करून देठाच्या टोकाला बारीक हिरवा मणी आहे का बघा. मणी टाचणीच्या डोक्याएवढाच असेल, फुगलेला नसेल आणि देठ सांध्यापाशी पिवळा पडून सुटला असेल, तर ते फूल फळलंच नाही. कारण उकाडा, नाहीतर पराग पोचला नाही. उलट वाटाण्याएवढी झालेली फळं गळत असतील तर गोष्ट वेगळी, तिथं पाण्याची ओढाताण असते, कधी कोरडं कधी चिखल. तुमच्या वर्णनावरून तुमचं पहिल्या प्रकारातलं दिसतंय.

आता जीए. द्राक्षाच्या घडासाठी ते कशाला वापरतात हे तुमच्या शेजाऱ्यांना माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे, पण द्राक्षाचा हिशोब या झाडाला लागू नाही. जीएनं रात्र गार होत नाही. फांद्या मात्र सरसर लांबतील, आणि या झाडाचं लाकूड इतकं ठिसूळ असतं की लांबलेली फांदी वळवाच्या पहिल्या वाऱ्यात मोडते. टॉनिकचंही तेच. नत्र जास्त झालं की पानंच पानं, फांद्या पोकळ आणि वर माव्याला आमंत्रण.

आता दुपारच्या माना टाकण्याबद्दल, आणि हे जरा नीट वाचा. टॅमरिलोचं पान मोठं, पातळ आणि मऊ असतं. दुपारी एक ते चार या वेळात त्यातून जेवढं पाणी उडतं तेवढं मुळं वर चढवू शकत नाहीत, मग जमिनीत पुरेशी ओल असली तरी पान लोंबतं. हा आजार नाही, संध्याकाळी सहा-साडेसहाला ते आपोआप उभं राहतं. म्हणून झाडाची तब्येत दुपारी बघूच नका. सकाळी सातला बघा. सकाळी पान ताठ असेल तर झाड ठणठणीत आहे, दुपारी कितीही लोंबू दे. सकाळीही लोंबलेलं असेल तर माती उकरून बघायची: कोरडी असेल तर पाणी द्यायचं, आणि ओली असूनही पान लोंबलेलं असेल तर मुळं गुदमरली आहेत. तिथं पाणी घालणं म्हणजे बुडणाऱ्याला पाणी पाजणं.

माती बघायची माझी रीत जुनीच आहे. खोडापासून हातभर लांब, एक वीत खोल उकरायचं. तळातली मूठभर माती घेऊन लाडू वळायचा. लाडू वळतो आणि अंगठ्यानं दाबला की फुटतो, म्हणजे वाफसा, बेताची ओल आहे, पाणी नको. वळतच नाही, भुगा होतो, तर पाणी द्या. आणि लाडू फुटण्याऐवजी चपटा झाला, हाताला चिकटला, तर पुढचे चार-पाच दिवस पाण्याचं नाव काढू नका. तुमच्या काळ्या मातीत दोन वेळ पाणी म्हणजे बहुधा हा तिसरा प्रकार असणार. वरून पोपडा वाळलेला दिसतो, भेगाही दिसतात आणि वीतभर खाली चिखल असतो.

या झाडाची मुळं उथळ असतात आणि त्यांना हवा लागते. पाणी साचलं की दोन-तीन दिवसांत मूळकुज सुरू होते. मी हे स्वतः भोगलं आहे. अगदी सुरुवातीला वाईत ओढ्याकडच्या काळ्या तुकड्यात चौदा रोपं लावली होती. फूटभर खोल खड्डे घेतले, त्यात पाचगणीची तांबडी माती आणि शेणखत भरलं, काम एकदम सुरेख दिसत होतं. जुलैत सलग पाऊस लागला. आठव्या दिवशी गेले तर सगळी पानं फडक्यासारखी लोंबत होती. एक रोप हलवलं तर ते हातातच आलं, मुळावरची साल चिमटीत धरून ओढली की मोज्यासारखी निघत होती आणि आत नुसती तार. चौदातली अकरा गेली. चूक खड्ड्याची होती. चिकण काळ्या रानात खड्डा घेऊन त्यात भुसभुशीत माती भरली की ते जमिनीत पुरलेलं मडकं होतं. चहूबाजूंचं पाणी त्यात उतरतं आणि बाहेर पडायला वाट नसते. नवं झाड लावणाऱ्या सगळ्यांना म्हणून सांगते: सांगली, मिरज, पलूस, वाळवा, कराड, जिथं काळं रान आहे तिथं खड्डा घेऊ नका. जमिनीवर ढीग करा. दीड फूट उंच, चार फूट रुंद, त्यात तांबडी माती, बारीक मुरूम आणि पूर्ण कुजलेलं शेणखत समसमान, आणि झाड त्या ढिगाच्या माथ्यावर.

तुमचं झाड आधीच जमिनीत आहे, ते आता या वयात उपटून हलवू नका. पण पाऊस सुरू व्हायच्या आत दोन कामं करा. खोडाभोवती आळं केलं असेल तर ते मोडून टाका आणि खोडाजवळ माती उताराची करा, म्हणजे पाणी खोडाकडून बाहेर जाईल. दुसरं, खोडापासून चार-पाच फुटांवर, उताराच्या बाजूला, फूट-दीड फूट खोल चर काढा आणि तो कुठंतरी बाहेर निघेल असा न्या. साचलेलं पाणी त्या चरात उतरलं पाहिजे. कृष्णेचं पाणी २०१९ आणि २०२१ मध्ये सांगलीच्या ज्या भागांत शिरलं, त्या भागात कुणी राहत असेल तर जमिनीत लावायच्या भानगडीत पडूच नये. दोनशे लिटरचा निळा ड्रम अर्धा कापून, बुडाला आणि बाजूनं वीतभर उंचीपर्यंत भोकं पाडून त्यात लावावं. ड्रमला बाहेरून गोणपाट गुंडाळायचं, नाहीतर उन्हानं मुळंच शिजतात. ड्रममधल्या झाडाचा एक फायदाही आहे. मार्चमध्ये ते पूर्वेकडच्या सावलीत सरकवता येतं.

जागेचं म्हणाल तर सांगलीत माझी पसंती घराच्या पूर्वेला किंवा ईशान्येला. सकाळी अकरापर्यंतचं ऊन आणि नंतर सावली. बहिणीचं झाड शेवग्याच्या पूर्वेला आहे. शेवग्याची सावली चाळणीतून पडल्यासारखी विरळ असते, ती या झाडाला फार मानवते. आंब्याखाली मात्र नको, तिथं अंधारही आणि मुळांची मारामारीही. तुमच्या झाडाची जागा आता बदलता येणार नाही, म्हणून पश्चिमेच्या बाजूनं आणि डोक्यावर पन्नास टक्क्यांचं शेडनेट बांधा, मार्च ते पाऊस पडेपर्यंत. नेट झाडाला टेकवायचं नाही, वर दोन फूट मोकळं ठेवायचं, हवा फिरली पाहिजे. आणि भिंतीवर पाणी मारा. खरंच सांगते, संध्याकाळी सहाला भिंतीवर आणि आजूबाजूच्या फरशीवर सडा घातला की त्या कोपऱ्यातली रात्र लवकर निवते. बहिणीकडे आम्ही हे नेमानं करतो. पाणी खोडावर आणि पानांवर नको, भिंतीवर आणि जमिनीवर.

जमीन झाकायला तुमच्याकडे उसाच्या पाचटाइतकं चांगलं काही नाही. चार बोटं जाड थर द्या, फक्त खोडाभोवती वीतभर जागा उघडी ठेवा. पाचट खोडाला चिकटलं की ओल धरते, साल कुजते आणि वाळवीही तिथंच येते.

आता फळाकडे येऊ. सांगलीच्या मेमध्ये फूल धरवण्याची खटपट सोडून द्या. झाडाला आपण वेगळ्या वेळी फुलवू शकतो. टॅमरिलोची फुलं नव्या फुटीवर येतात, जुन्या लाकडावर नाही. छाटणी केली की माझ्याकडे साधारण तीन महिन्यांत नवी फूट फुलावर येते. सांगलीत रात्री खऱ्या गार कधी होतात? दिवाळीपासून शिवरात्रीपर्यंत. म्हणजे फुलं नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये हवीत आणि त्यासाठी छाटणी ऑगस्टच्या शेवटी, पावसाची झड ओसरली की. बहिणीच्या झाडाला पहिल्या वर्षी एकही फळ नव्हतं. छाटणीची वेळ बदलल्यावर पुढच्या मेमध्ये ओंजळभर मिळाली, त्याच्या पुढच्या वर्षी छोटी टोपली भरली. डोंगरात चांगलं झाड वर्षाला वीस किलोच्या वर देतं. ते आकडे सांगलीत डोळ्यांसमोर ठेवू नका, पण घरच्यांना चाखायला, दोन बाटल्या चटणी करायला मिळेल.

छाटणी कशी? बियांपासूनचं झाड सरळसोट काठीसारखं वाढतं आणि पाच-सहा फुटांवर छत्रीसारखं फुटतं. तुमचं तसंच झालं असणार. खरं तर ते तीन फुटांचं असताना शेंडा खुडायला हवा होता, म्हणजे खालून तीन-चार फांद्या सुटल्या असत्या. पण बिघडलं काही नाही. ऑगस्टअखेर, दोन दिवस कोरडे बघून, छत्रीच्या प्रत्येक फांदीचं दोन-तीन डोळ्यांचं खुंट ठेवून बाकी काढा. मोडकी, आत वळलेली, काळी पडलेली फांदी जिथून फुटली तिथूनच काढा. अख्खं खोड चार फुटांवर तोडायचा मोह होईल, झाड त्यातूनही फुटतं, पण ओल्या काळ्या रानातल्या झाडावर एकाच वेळी एवढा घाव मी घालत नाही. खाली आपोआप फूट आली तर ती राखा आणि पुढच्या वर्षी वरचं उतरवा. कात्री स्पिरिटनं पुसून घ्या. कापलेल्या तोंडांवर त्याच दिवशी बोर्डो पेस्ट लावा: एक किलो मोरचूद, एक किलो चुना, दहा लिटर पाणी हे प्रमाण. तुम्हाला एका झाडाला शंभर-शंभर ग्रॅम आणि एक लिटर पाणी खूप झालं. मोरचूद प्लास्टिकच्या भांड्यात भिजवा, लोखंडाच्या नको.

आत्ता, मेमध्ये, छाटू नका. आता छाटलं तर खोड उघडं पडेल आणि उन्हानं साल भाजेल. फुलं गळताहेत तर गळू देत.

नोव्हेंबरमध्ये फुलं आली की एक छोटं काम. फुलं बारीक, फिकट गुलाबी, गोड वासाची, घोसानं खाली लोंबणारी. पराग बाहेर यायला फूल थरथरावं लागतं. पाचगणीला काळे भुंगे हे काम करतात. फुलाला बिलगून घूं घूं करतात आणि त्यांच्या पोटावर पिठासारखा पिवळा पराग पडताना दिसतो. शहरात भुंगे कमी, म्हणून सकाळी नऊ-दहाच्या सुमारास घोसाच्या देठाला बोटानं दोन-तीन टिचक्या मारायच्या. रोज, घोस फुलत असेतोवर. दुसऱ्या झाडाची गरज नाही, एकटं झाडही फळतं.

फळ धरल्यापासून पिकायला पाच-सहा महिने लागतात. हे ऐकून अनेकांचा धीर सुटतो, पण ते तसंच आहे. म्हणजे डिसेंबरचं फळ मे-जूनमध्ये पिकणार आणि मधला सगळा उन्हाळा त्याला झाडावर काढायचाय. म्हणून शेडनेट, म्हणून पाचट, म्हणून एकसारखी ओल. फळ अंगावर असताना झाड कोरडं पडू देऊ नका. उन्हाळ्यात तीन-चार दिवसांनी, लाडू वळून बघून, सकाळी पाणी.

खत शेवटी घेतलं कारण त्याची जागा शेवटीच आहे. छाटणीनंतर एक पाटी कुजलेलं शेणखत आणि अर्धा किलो निंबोळी पेंड, त्यात ट्रायकोडर्मा (मूळकुजीला रोखणारी उपयोगी बुरशी) मिसळून. फळं सुपारीएवढी झाली की शून्य-शून्य-पन्नास हे पालाशाचं खत, दहा ग्रॅम दहा लिटर पाण्यात, महिन्यातून एकदा मुळाशी. तुमच्या शेजाऱ्यांकडे त्याचं पोतं नक्की असेल, त्यांना जीएऐवजी चमचाभर ते मागा. चुलीची राख मी पाचगणीला घालते, तिथली तांबडी माती आंबट असते, राख तिला मानवते. सांगलीच्या चुनखडीच्या मातीत राख घालू नका, तिथं आधीच क्षार जास्त. नवी पानं पिवळी आणि शिरा मात्र हिरव्या दिसल्या तर ते चुनखडीमुळे लोह न मिळाल्याचं लक्षण आहे. चिलेटेड लोहाची, म्हणजे झाडाला सहज घेता येईल अशा लोहाची, सौम्य फवारणी करा. आणि बोअरचं पाणी मचूळ असेल, बादलीला पांढरा थर धरत असेल, तर नळाचं किंवा साठवलेलं पावसाचं पाणी द्या. पानांच्या कडा करपतात त्या बरेचदा अशा पाण्यानं.

किडींचं थोडक्यात. मावा आणि पांढरी माशी येणारच, दर दोन-तीन दिवसांनी पानाची खालची बाजू बघा, दिसली की पाण्याचा फवारा आणि निंबोळी अर्क. हिवाळ्यात भुरी (पानांवर पांढरी पूड धरणारा रोग) आली तर गंधकाची फवारणी, पण ऊन तापल्यावर गंधक नको, पान जळतं. मावा एका झाडावरून दुसऱ्यावर विषाणू नेतो. पानांवर हिरवे-पिवळे डाग, फळावर ठिपके असं दिसलं तर त्यावर औषध नाही. म्हणून टोमॅटो, वांगी, मिरची, बटाटा याच्या शेजारी लावू नका आणि कडेला उगवलेली कामोणी, धोतरा उपटून टाका, ती याच घराण्यातली. याच कारणासाठी मी कुणाच्या झाडाची फांदी आणून लावत नाही, बीच पेरते. फांदीबरोबर तिचा रोगही येतो, बियांतून हा विषाणू सहसा येत नाही. आणखी एक शत्रू दिसत नाही तो म्हणजे सूत्रकृमी, मातीतले मुळांत शिरणारे अतिबारीक जंत. तुमच्या परसात आधी भाजीपाला होत असेल तर पाऊस सुरू झाल्यावर एक बारीक मूळ उकरून बघा. मुळावर मण्यांसारख्या गाठी असतील तर निंबोळी पेंड दुप्पट करा आणि झाडाभोवती दाट झेंडू लावा.

वाऱ्यासाठी आत्ताच आधार द्या. दोन बाजूंना बांबू रोवून सुतळीनं आठच्या आकड्यासारखी सैल बांधणी करा. चाळकेवाडीच्या पठारावर पवनचक्क्या फिरतात ते वारं तुमच्याकडे तेवढं नाही, पण वळवाची वावटळ या ठिसूळ झाडाला पुरते.

हाच प्रश्न आटपाडी, जत या कोरड्या, तापणाऱ्या भागातूनही मला आला आहे. तिथल्यांना मी स्पष्ट सांगते की नका लावू. दोन वर्षं पाणी आणि माया ओतून पदरात काही पडत नाही, त्यापेक्षा कवठ, आवळा, करवंद आपोआप येतं. साताऱ्याच्या वरच्या अंगाला, मेढा, पाटण या भागात मात्र जरूर लावा, उताराची जागा बघून. महाबळेश्वरला गारवा हवा तसा, पण तिथला पाऊस या झाडाच्या मुळांना झेपत नाही. पाचगणी जवळच असूनही तिथं त्याच्या निम्म्याहून कमी पाऊस पडतो, म्हणून आमचं रान जमून गेलं.

फळ कधी काढायचं हे माहीत असलेलं बरं. पूर्ण रंग येऊन अंगठ्याखाली किंचित दबलं पाहिजे. एकाच घोसातली फळं एका वेळी पिकत नाहीत, जे झालं ते देठासकट घ्या. हिरवं फळ खाऊ नका, लेकरांना देऊ नका, ते तुरट-कडू असतं आणि बाधतं. छाटलेला पाला शेळीपुढेही टाकू नका. पिकल्या फळाचीही साल कडू असते, ती काढूनच खायचं. आमच्याकडे वांग्यासारखं विस्तवावर भाजतो, साल सुरकुतली की बोटानं निघते. मग लसूण, हिरवी मिरची, मीठ घालून खलबत्त्यात ओबडधोबड ठेचायचं. भाकरीबरोबर हा ठेचा काय लागतो ते शब्दांत येत नाही. दार्जिलिंगकडचे लोकही असंच भाजून चटणी करतात. लाल जातीचा रस कपड्याला लागला तर डाग जात नाही, तेवढं सांभाळा.

आणि तुमच्या झाडावर पिकलेल्या पहिल्या फळाचं बी ठेचून टाकू नका. सांगलीच्या हवेत धरलेलं फळ म्हणजे त्या झाडात काहीतरी सोसण्याची ताकद आहे. चमच्यानं गर काढा, चाळणीत पाण्याखाली चोळून बुळबुळीतपणा घालवा, वर्तमानपत्रावर सावलीत तीन दिवस वाळवा. पुडीत बांधून एक दिवस फ्रीजरमध्ये ठेवा, उगवण एकसारखी होते. मग गणपतीच्या सुमारास कोकोपीटच्या ट्रेमध्ये पेरा. तळहाताएवढी पानं आली की मोठ्या पिशवीत घ्या आणि तीन फुटांवर शेंडा खुडायला या वेळी विसरू नका. जुनं झाड सांगलीत किती वर्षं तग धरेल हे पावसावर आहे, म्हणून हाताशी एक तयार रोप कायम असू द्या. बहिणीकडे आता लावलेलं झाड हे असंच, तिच्याच पहिल्या झाडाच्या बियांचं आहे, आणि यंदा त्याला आईपेक्षा जास्त फळं धरली आहेत.